जुना ६ × ४८ बेल्ट-डिस्क सँडर: नॉबला हात लावण्याआधी बेअरिंग बघा

मी लाकडी चौकटी बनवते. चार कोपरे म्हणजे ४५ अंशांची आठ टोकं. प्रत्येक टोक त्याच बाजूला अर्धा अंश चुकलं, तरी शेवटच्या कोपऱ्यात ४ अंशांची फट उघडते. म्हणून हा वापरलेला सँडर, म्हणजे फिरत्या सँडपेपरनं लाकूड घासणारं मशीन, घेतला: ६ इंच रुंद, ४८ इंच लांब बेल्ट आणि बाजूला ९ इंची डिस्क. बिडाचं जड टेबल, मोटर ठणठणीत. त्या बाबतीत काही तक्रार नाही.

बेल्ट मात्र जागेवर ठरेना. ट्रॅकिंगचा, म्हणजे बेल्ट डावी-उजवीकडे सरकवायचा नॉब पाव फेरा फिरवला की मधोमध यायचा आणि दोन मिनिटांत पुन्हा कडेला जाऊन बॉडीला घासायचा. दोन दिवस मी नॉबच फिरवत होते. शेवटी प्लग काढला, बेल्ट उतरवला आणि मोटरचा नव्हे, तो दुसरा, मोकळा रोलर हातानं हलवून पाहिला. चांगलाच लडबडत होता. बेअरिंग गेलेलं. रोलरच जागा सोडत असेल तर नॉब बिचारा काय करणार! बेअरिंगवर ६२०३ कोरलेलं होतं: आतून १७ मिमी, बाहेरून ४०, जाडी १२. सर्रास मिळणारा आकार आहे. दोन्ही बाजूंची बदलली आणि त्यानंतर बेल्ट लावला तिथंच राहतो.

त्याच वेळी रोलरवर चिकटलेला राळ-भुशाचा थर खरवडून काढा. ज्या रोलरला मध्यावर किंचित फुगवटा असतो, त्याच्या फुगवट्याकडे बेल्ट आपोआप ओढला जातो. एका कडेला थर साचला की उंचवटा तिकडे जातो आणि पाठोपाठ बेल्टही. बेल्टच्या आत बाण छापलेला असेल तर तोही बघून घ्या. उलटा चढवलेला बेल्ट सांध्यात उकलू शकतो.

बेल्टमागची प्लेट मध्यभागी झिजली होती. पट्टी आडवी धरली तर खालून उजेड दिसत होता. जाड काचेवर सँडपेपर चिकटवून ती घासून सपाट केली. कंटाळवाणं काम, पण त्याशिवाय सपाट फळी मिळणारच नाही.

डिस्कच्या टेबलाचा अंशदर्शक काटा शून्य दाखवत होता आणि गुण्या लावला तर फट. काट्यावर विश्वास ठेवू नका. गुण्याचीही खात्री नसेल तर दोन तुकडे डिस्कवर घासा, एक उलटा करून घासलेली तोंडं एकमेकांना लावा. फट दिसली तर ती चुकीच्या दुप्पट असते. टेबलातली खाच डिस्कला समांतर आहे का, तेही पाहायला हवं. मायटर गेजला (खाचेत सरकणारा, लाकूड कोनात धरणारा आधार) काठी बांधून डिस्कवरच्या पेन्सिलीच्या खुणेला टेकवली, मग डिस्क हातानं फिरवून तीच खूण दुसऱ्या टोकाला आणली आणि गेज तिकडे सरकवला. खूण एकच, त्यामुळे डिस्कची स्वतःची डगमग मोजमापात येत नाही. माझ्याकडे तिथं जाड कार्ड शिरेल एवढं अंतर होतं. टेबलाचे बोल्ट ढिले करून लाकडी हातोडीनं हलके ठोके दिले, तेव्हा जमलं.

एक खरी उणीव: भुसा ओढायचं तोंड अरुंद आहे. बेल्टखाली भुसा साठतोच, दर तासाला मशीन बंद करून काढावा लागतो. लोखंड मी यावर अजिबात घासत नाही, कारण त्या भुशात ठिणगी पडली तर आग धुमसत राहते. चौकटींसाठी मात्र हेच मशीन मी पुन्हा घेईन.