फॅक्टरी टर्बो घ्यायची का स्विफ्टलाच टर्बो बसवायचा? सातारा-सांगलीकरांसाठी हिशोब

बजेट दहा-अकरा लाख, घरी सांगितलंय की फॅमिली गाडी घेतोय आणि डोक्यात मात्र टर्बोची (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची) शिट्टी वाजतीय. अशा माणसापुढं दोन रस्ते असतात. एक, शोरूममध्ये जाऊन सरळ टर्बो गाडी उचलायची, म्हणजे ह्युंदाईची आय२० एन लाईन टाईप काहीतरी. दोन, साडेपाच-सहा लाखात चांगली वापरलेली स्विफ्ट बघायची आणि उरलेल्या पैशात तिला टर्बो किट, मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग), सायलेन्सर, काय काय करून घ्यायचं. दुसऱ्या रस्त्यावरची मंडळी जास्त जोरात बोलतात आणि त्यांच्या गाडीचा आवाज पण जास्त असतो, त्यामुळं तोच रस्ता बरोबर वाटायला लागतो.

आधी एक सांगतो, या पैशात खरी स्पोर्ट्स कार कुठल्याच रस्त्यानं येत नाही. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय मे २०२५ मध्ये भारतात आली, २६५ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवर), पण एक्स-शोरूमच ५३ लाखाच्या घरात. तो विषय सोडून देऊ. आपण बोलतोय पसरणी घाट मजेत चढंल आणि सोमवारी सकाळी पोरांना शाळेत पण सोडंल अशा गाडीबद्दल.

कागदावर बघू. एन लाईनला १ लिटरचं टर्बो इंजिन, १२० पीएस, १७२ एनएम टॉर्क (म्हणजे ओढ), चारी चाकांना डिस्क. २०२१ ते २०२४ मधल्या स्विफ्टला १.२ लिटर, ९० पीएस, ११३ एनएम, मागं ड्रम. तीस पीएसचा फरक बघून लोक म्हणतात एवढं तर किटनं सहज निघंल. पण खरी मेख टॉर्कमध्ये आहे. एन लाईनचा पूर्ण टॉर्क १५०० आरपीएमलाच हजर असतो आणि ४००० पर्यंत टिकतो, स्विफ्टचा ४४०० ला येतो. खंबाटकीत पुढं दोन कंटेनर रांगत चाललेत आणि गॅप मिळाला चार सेकंदाचा, तिथं तुला पीएस नको असतात, पाय दाबल्याबरोबर ओढ पाहिजे असते.

उंचीचा मुद्दा पण आहे आणि तो आपल्याकडं फार कमी लोक धरतात. बिगर टर्बो इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं कारण हवाच विरळ होते. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास, म्हणजे तिथं स्विफ्टचे ९० चे अठ्ठ्याहत्तर-ऐंशीच राहिले. टर्बो ही तूट बऱ्यापैकी भरून काढतो. स्विफ्टच्या बाजूनं एकच तगडा मुद्दा, वजन. नऊशे किलोच्या आसपासची गाडी आहे, एन लाईन तिच्यापेक्षा चांगलीच जड. वळणात स्विफ्ट जी उडी मारते ती मजा टर्बोनं येत नाही, हे मान्यच.

आता किट. लोकांना वाटतं टर्बो म्हणजे एक पार्ट, आणला आणि बसवला. तसं नसतं रे. टर्बो करतो काय, धुराच्या जोरावर पंखा फिरवतो आणि दुसऱ्या बाजूनं इंजिनात जास्त हवा कोंबतो. अर्धा बार बूस्ट (हवेचा जादा दाब) म्हणजे ढोबळमानानं दीडपट हवा. दीडपट हवेला दीडपट पेट्रोल पाहिजे, म्हणजे इंजेक्टर आणि पंप पुरला पाहिजे. दाबलेली हवा तापते म्हणून इंटरकूलर पाहिजे. टर्बोच्या बेअरिंगला ऑईलची लाईन आणि ते ऑईल परत खाली यायची नीट वाट पाहिजे. आणि हे सगळं झाल्यावर स्विफ्टच्या ड्युअलजेट इंजिनचं कॉम्प्रेशन (पेटवण्याआधी हवा-पेट्रोल किती दाबलं जातं ते) आहे १२:१, जे बिगर टर्बो म्हणून मायलेजसाठी मुद्दाम एवढं जास्त ठेवलंय, आणि त्यावर बूस्ट दिला की पेट्रोल वेळेआधीच पेटायला बघतं, त्याला नॉकिंग म्हणतात, आणि नॉकिंग जास्त वेळ चाललं की पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते आणि इंजिन उघडायची वेळ येते. कंपनीनं टर्बो म्हणूनच काढलेल्या इंजिनला कॉम्प्रेशन खाली आणि पिस्टन, कूलिंग, ऑईलिंग सगळं त्या हिशोबानं. फोक्सवॅगनच्या १.० टीएसआय या टर्बो इंजिनमध्ये तर पाण्यानं थंड होणारा इंटरकूलर थेट इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलाय. हे गॅरेजमध्ये नंतर जोडून होत नाही.

आपल्याकडं कारागीर नाहीत असं मी अजिबात म्हणत नाही. कुपवाड आणि मिरज एमआयडीसी, किर्लोस्करवाडी, कोल्हापूरच्या फाउंड्र्या, या पट्ट्यात लेथवर बसून असा मॅनिफोल्ड करून देतील की बघत राहशील. वेल्डिंग एक नंबर. अडतं ते मॅपिंगला. कंपनी ती गाडी कडक थंडीत, वाळवंटात, घाटात, भंगार पेट्रोलवर महिनोन् महिने चालवून ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) आकडे बसवते. आपला ट्यूनर एक दिवस लॅपटॉप लावून हायवेला दोन चकरा मारतो. नीट काम पाहिजे तर डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायच्या मशीनवर) करायला पाहिजे आणि त्यासाठी पुणे-मुंबई नाहीतर बेंगळुरूकडं तोंड करावं लागतं, आणि नंतर काही बिघडलं की पुन्हा तिकडंच.

पेट्रोलचं अजून एक लफडं. आता पंपावर सगळीकडं ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल आपल्याच कारखान्यांच्या मळीतून-उसातून निघतं, ऑक्टेन वाढतो, टर्बोला ते चांगलंच, पण त्याला हवेच्या मानानं पेट्रोल जास्त लागतं. ज्या मॉडिफाय गाडीचे इंजेक्टर आधीच शेवटाला आलेत ती जुन्या मॅपवर लीन चालते (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं), आणि बूस्टखाली लीन म्हणजे वर सांगितलेला पिस्टन. फॅक्टरी गाडी सेन्सरवर बघून स्वतःच सावरून घेते.

पैशाचं बघ. किटचा कोट दीड-दोन लाखापासून सुरू होतो. त्यात क्लच नसतो, आणि टॉर्क वाढला की पहिला क्लचच सरकतो. ब्रेक नसतात. चांगले टायर नसतात. रेडिएटर, प्लग, ट्यूनिंग, पुण्याच्या फेऱ्या, ते सगळं धरलं की साडेतीन-चार लाख कुठं गेले कळत नाही. म्हणजे सहा अधिक चार, दहा. एन लाईन सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कमी झाल्यावर नऊ लाखाच्या थोडी वर चालू झाली, महाराष्ट्रात दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के टॅक्स आणि इन्शुरन्स धरून ऑन-रोड पावणेअकरा-अकरा. फरक राहिला लाखभराचा. वर एकीला वॉरंटी आहे आणि बँक नव्या गाडीचं लोन देते, दुसरीच्या किटला कुठली बँक लोन देणार? विकताना पण तेच, किटला टाकलेले पैसे गिऱ्हाईक देत नाही, उलटा शंभर प्रश्न विचारतो.

आरटीओचा भाग थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही, आणि सुप्रीम कोर्टानं २०१९ ला ते अजून पक्कं केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सीएनजी किट आरसीवर चढवून घेता येतं, घरगुती टर्बो किट तसं चढत नाही. एमएच १० काय, ११ काय, ५० काय, सगळीकडं तेच. दंडाचं सोड, अ‍ॅक्सिडेंट झाला आणि सर्व्हेअरनं बॉनेट उघडलं तर इन्शुरन्स कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण सापडतं. हे एकच कारण मला पुरतं.

मग मॉडिफाय कुणी करावं? ज्याच्या घरी रोजची दुसरी गाडी आहे, गाडी आठवडाभर उघडी पडली तरी ज्याचं काम अडत नाही, आणि ज्याला चालवण्यापेक्षा उघडण्यात जास्त रस आहे त्यानं. आणि त्यानं पण ती ट्रॅकवर न्यावी. कोइम्बतूरचा कारी स्पीडवे इथनं लांब आहे, पण कोल्हापूरला गोकार्टचा ट्रॅक आहे, हात साफ करायला तिथं जा. यवतेश्वरच्या घाटात, कासच्या सीझनला, पुण्याच्या पर्यटकांच्या मधनं हात साफ करू नको.

मला विचारशील तर तिसरा रस्ता, आणि तो सगळ्यात कमी लोक घेतात. वापरलेली फॅक्टरी टर्बो. बलेनो आरएस आठवते का, २०१७ ला आली, १०२ पीएस, १५० एनएम, चारी डिस्क, चालली नाही म्हणून बंद केली आणि म्हणून आज स्वस्तात पडते. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आहे, १.० वाली ११० पीएस. मिळाली चांगली तर बघ, फक्त जुनी १.२ ची डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असंल तर गिअरबॉक्सची हिस्ट्री बघूनच. इंजिनला हात न लावता त्यावर चाळीस-पन्नास हजार चांगले टायर, ब्रेक पॅड, नवं ब्रेक फ्लुईड आणि अलाइनमेंटवर टाक. गाळपाच्या सीझनला सांगली-इस्लामपूर रोडला रात्री उसाचे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मागं लाईट नसताना चालतात, तिथं तुझे जादाचे तीस पीएस काही कामाचे नाहीत, टायर आणि ब्रेक कामाचे. टायरचा साईज कंपनीनं मॅन्युअलमध्ये दिलाय त्यातलाच घे म्हणजे आरटीओचं पण लफडं नाही.

रिमॅपची (ईसीयूचे आकडे बदलून ताकद वाढवायची) खाज सुटणारच आहे, त्यावर एवढंच की नव्या गाडीची वॉरंटी असेपर्यंत नको. फोक्सवॅगन-स्कोडाचा ईसीयू कुणी उघडला होता ते सर्व्हिस सेंटरला कळतं, परत स्टॉक (कंपनीचा मूळ) मॅप टाकला तरी. आणि ड्राय क्लचवाला सात स्पीडचा डीएसजी २५० एनएमसाठीच डिझाईन केलाय, फोक्सवॅगनच्याच व्हर्टस जीटीचं १.५ इंजिन मुळातच २५० देतं. म्हणजे कंपनीनं आधीच काठोकाठ भरलंय, त्यावर तू अजून काय ओतणार.

आणि कुणी तयार टर्बो केलेली स्विफ्ट विकायला आणली तर मॅप कुणी केला, कुठल्या पेट्रोलवर केला आणि डायनोचा कागद आहे का, हे तीन प्रश्न विचार. गाडी थंड असताना तुझ्यासमोर स्टार्ट करायला लाव, आधीच गरम करून ठेवली असंल तर का ते विचार, मागं निळा धूर बघ, चौथ्या गिअरमध्ये कमी स्पीडवरनं पूर्ण दाबून क्लच सरकतो का बघ. इन्शुरन्सच्या कागदावर किटची नोंद आहे का ते पण माग, नसणारच आहे, मग किमतीतनं किट वजा करून साध्या जुन्या स्विफ्टचा भाव बोल, तेवढ्यात देत असंल तर घे नाहीतर चहा पिऊन घरी ये.