बारावीची बायोलॉजी: बेळगावात पीयू की शिनोळीपलीकडं?

बायोलॉजी करायची एवढं ठरलं की बेळगावच्या पश्चिम भागातल्या मुलांपुढं दोन वाटा असतात. शहरात येऊन पीयू, म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी, करायची; नाहीतर बाची-शिनोळीची सीमा ओलांडून महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात अकरावी-बारावी. २०२३ मध्ये मी पहिली वाट धरली. माझा आतेभाऊ मूळचा तिकडचाच, त्यानं दुसरी. सुट्टीत अभ्यास मात्र एकत्र, आमच्या सोप्यात.

शिकवण्याच्या भाषेत तिकडचं पारडं जड, हे आधीच कबूल करतो. पुस्तक दोन्हीकडं इंग्रजीच, पण तिकडं सर मराठीत फोड करून सांगतात. आमच्या वर्गात ती फोड कन्नडात. मी दहावीपर्यंत 'पेशी' म्हणत आलो, सरांच्या तोंडी 'जीवकोश'. दोन दिवस मला या वेगळ्याच दोन गोष्टी वाटत होत्या. मग हृदयाच्या तासाला ते 'कवाट' म्हणाले आणि घरचं कवाड डोळ्यांपुढं आलं. एकाच बाजूला उघडणारं. हृदयाची झडप मला तशी कळली ती आजवर विसरलो नाही. दिवाळीपर्यंत कान सरावतो, निदान माझा तरी सरावला.

गणिताचंही तसंच. तिकडं ते सोडून दुसरा विषय घेता येतो. इथं बहुतेक ठिकाणी पीसीएमबीच, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीसोबत गणित आलंच, त्यामुळं इंटिग्रेशननं माझ्या बऱ्याच रात्री खाल्ल्या.

तरी मी म्हणेन, इथंच. कारण पुस्तक. आपल्या पीयूला एनसीईआरटीचंच, म्हणजे केंद्राचं, पुस्तक आहे आणि नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, १८० प्रश्नांपैकी ९० बायोलॉजीचे, तेही त्याच पुस्तकाच्या अंगानं. महाराष्ट्र बोर्डाचं पुस्तक वेगळं. वाईट नाही, आकृत्या तर मला जास्तच आवडल्या. पण धड्यांची मांडणी निराळी. अकरावीनंतरच्या मे महिन्यात आम्ही उजळणीला बसलो, तर माझं हृदय आणि चेतासंस्था झालेली, त्याच्या पुस्तकात दोन्ही बारावीला. मूत्रपिंड तेवढं दोघांचं झालेलं, म्हणून आठवडाभर मूत्रपिंडच! नमुन्याचा प्राणी म्हणून त्याला झुरळ, मला बेडूक. नीटच्या शिकवणीत मात्र एनसीईआरटीचा क्रम, त्यामुळं कॉलेजात एक धडा आणि शिकवणीत दुसराच, असं त्याचं वर्षभर चाललं. बारावीला वनस्पतींतलं पाण्याचं शोषण आणि खनिज पोषण त्यानं बोर्डासाठी घोकलं. २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमात ते धडेच नाहीत. हुशार पोरगा, पण दोन पुस्तकं सांभाळता सांभाळता वैतागून जायचा. नीट द्यायचीच नसेल तर हा त्रास तुम्हाला नाही, हेही खरं.

राहता राहिली बस. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंडक्टरच्या भाषेवरून वाद पेटला आणि दोन्ही राज्यांमधल्या बसफेऱ्या काही दिवस थांबल्या. तिकडं तेव्हा बारावीची परीक्षा चालू होती. इकडून रोज जाणाऱ्यानं हे धरूनच चालावं. मेडिकलच्या राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांसाठी शिक्षण कुठं झालं ते बघतात, त्याचे नियमही अकरावीच्या प्रवेशाआधीच वाचा.

आतेभावाची धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. गेल्या रविवारी येऊन माझी एनसीईआरटी पेन्सिलीच्या खुणांसकट घेऊन गेली. जाताना उंबऱ्यात थांबून विचारलं, "दादा, शिनोळीवरून बेळगावचा पास कितीला पडतो रे?"