सिटी व्हीटेकला हेडर लावला, लीकेज निघालं, आणि आता पावसाळा काढल्यावरचा अनुभव

गाडी जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक, ती १०६ पीएसवाली. ४-२-१ चा (चार पाइप दोनात, दोन एकात) स्टेनलेस हेडर, म्हणजे कंपनीच्या मॅनिफोल्डऐवजी इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारे पाइप, पुण्याहून मागवला आणि इथे कोल्हापुरात बसवला, त्याला आता बरेच महिने झाले, मधे अख्खा पावसाळा गेला, त्यामुळे पहिल्या आठवड्यातलं कौतुक ओसरल्यावर लिहितोय.

चांगलं आधी सांगतो. ४००० आरपीएमच्या वर इंजिन मोकळं पळतं, आंबा घाट चढताना तिसऱ्या गिअरवर ओढ जाणवते. गावातल्या ट्रॅफिकमध्ये मात्र काडीचा फरक नाही. हेडर टाकला की गाडी विमान होते असं ज्यांना वाटतं त्यांनी तेच पैसे चांगल्या टायरात घालावेत.

आता मुद्द्याचं. बसवून थोडे दिवस झाले आणि सकाळी सेल मारला की टिकटिकटिक सुरू, ॲक्सिलरेटर दिला की जोरात, आणि गाडी गरम झाली की गायब. सगळे म्हणाले टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजतायत. पण टॅपेटचा आवाज गरम झाल्यावर असा साफ जात नाही, इथे हेडरच्या जॉइंटपाशी लोखंड तापून फुगतं आणि फट आपोआप बुजते म्हणून तो बंद होतो. ॲव्हरेजपण पडलं, कारण ऑक्सिजन सेन्सर हेडरवरच आहे, फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) बिचारा आणखी पेट्रोल सोडतो. सायलेन्सरचं तोंड काळंकुट्ट.

ज्या गॅरेजनं बसवला त्यांनी हेडर आणि इंजिनमधलं पॅकिंग बदललं, आवाज परत. मग लाल सिलिकॉन चोपडलं. ते ३००-३५० डिग्रीपर्यंतचं, आणि लोडवर पोर्टपाशी (इंजिनातून धूर निघतो त्या भोकापाशी) ६०० च्या वर तापतं, टिकणार कसं? पापुद्रे होऊन पडलं.

शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "पॅकिंगला कशाला शिव्या घालताय, फ्लँज बघा की आधी." फ्लँज म्हणजे हेडरची इंजिनला चिकटून बसणारी जाड पट्टी. गाडी गार असताना सायलेन्सरच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनरचा ब्लोअर फडकं गुंडाळून लावला आणि जॉइंटवर साबणाचं पाणी मारलं. चार नंबरच्या पोर्टखाली बुडबुडे! हेडर काढला तर तिथेच फ्लँजवर काजळीचा पिसासारखा पट्टा उमटलेला. सरळ पट्टी आडवी धरून फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घातला तर टोकाला ०.३० एमएमचं पान आरामात आत गेलं. पाइप वेल्ड करताना फ्लँज ताणला जातो आणि टोकं वाकतात, ते बनवणाऱ्यानं नंतर फेसिंग मारून (मशीनवर घासून) सरळ करायला हवं होतं, इथे ते झालेलंच नव्हतं. अशा फ्लँजला कितीही भारी पॅकिंग घाला, काही होत नाही.

मग हेड फेसिंग करतात तिथे नेऊन फ्लँज सपाट करून आणला. किटमधलं पुठ्ठ्यासारखं पॅकिंग फेकलं आणि ओरिजिनल स्टीलचं थरांचं घातलं, सिलिकॉन अजिबात नाही. दोन स्टडचे (हेडर धरणाऱ्या बोल्टांचे) आटे गेले होते, ते बदलले, नट सगळे नवीन. आवळायचं मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, शेवटी टॉर्क पान्यानं ३१ न्यूटन मीटर. नंतर गाडी तापवून पूर्ण गार होऊ दिली आणि परत चेक केलं तर नट थोडे फिरलेच. हे सगळ्यात जास्त लोक टाळतात. स्टेनलेस बिडापेक्षा जवळपास दीडपट फुगतं, सुरुवातीला नट सैल पडणारच, पण गरम असताना पाना लावू नका.

अजून एक, कंपनीच्या मॅनिफोल्डला खाली इंजिनला धरणारा ब्रॅकेट असतो, या हेडरला तो नव्हता, सगळं वजन स्टडवर लोंबकळत होतं. मिस्त्रींनी पट्टी वाकवून बनवून दिला. इंजिन माउंटिंग (इंजिनखालचं रबर) दबून गेलं असेल तर तेही त्याच वेळी बदला, नाहीतर इंजिन हलून खालचा जॉइंट लीक होतो. आणि केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर एसी लावून गाडी दामटू नका, त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

आता सकाळी आवाज शून्य, ॲव्हरेज पहिल्यासारखं, मागचा कॅट (धूर साफ करणारा कन्व्हर्टर) काढलेला नाही त्यामुळे पीयूसीपण निघते. तक्रार उरलीय ती हीट शील्डची (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याची), ती या हेडरवर बसतच नाही, ट्रॅफिकमध्ये बॉनेट चांगलंच तापतं. कुणी याच गाडीला हीट रॅप (पाइपवरची उष्णता रोखणारी पट्टी) गुंडाळला असेल तर सांगा, पावसात पाणी धरून पाइपला गंज येतो म्हणतात म्हणून मी अजून थांबलोय.