संघनायकाच्या बाकावरून: नागपुरातील बेसबॉल कार्यशाळेचे परीक्षण

शाळांतील क्रीडाशिक्षक आणि कार्यालयांतील गटप्रमुख यांच्यासाठी नागपुरात सुट्टीच्या दिवशी घेतल्या जाणाऱ्या एका बेसबॉल कार्यशाळेला मी नुकताच उपस्थित होतो. या कार्यशाळेत सहभागी व्यक्तीला खेळायला मिळत नाही. महाविद्यालयीन मुले सामना खेळतात आणि आपण आळीपाळीने संघाचे मॅनेजर होऊन सारे निर्णय घेतो. ही रचनाच तिचे सर्वांत मोठे बळ आहे, असे माझे मत झाले.

सामन्यापूर्वी नऊ फलंदाजांचा क्रम लिहून पंचांकडे द्यावा लागतो आणि त्यानंतर तो बदलता येत नाही. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे जड जाते, कारण तिथे गरजेनुसार कोणालाही वर पाठवता येते. बेसबॉलमध्ये मात्र सर्वांत कच्च्या फलंदाजाची पाळी नेमकी अटीतटीच्या क्षणी येऊ शकते, म्हणून त्याला झाकून ठेवण्यापेक्षा सरावात त्याच्यावर मेहनत घेणे भाग पडते. माझ्या गटातील एका क्रीडाशिक्षिकेने आठव्या क्रमांकाच्या मुलाशी सामन्याआधी जितका वेळ बोलून घेतले, तितका वेळ तिने उत्तम फलंदाजालाही दिला नाही, आणि मला ते अतिशय योग्य वाटले.

खरा कस लागतो तो पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू, बदलताना. विदर्भातील शाळांतून सॉफ्टबॉल शिकवणाऱ्यांना सुरुवातीचा खेळाडू एकदा बाहेर काढून पुन्हा आत घेण्याची सवय असते; बेसबॉलच्या प्रचलित नियमांनुसार मात्र बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. शिवाय एकाच इनिंगमध्ये त्याच पिचरकडे प्रशिक्षक दुसऱ्यांदा गेला, तर त्या पिचरला बदलावेच लागते. त्यामुळे पहिल्या भेटीत काय बोलायचे, किती बोलायचे आणि तो थकला आहे की केवळ घाबरला आहे हे कसे ओळखायचे, याचा विचार मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जाताना पूर्ण करावा लागतो. मुख्य प्रशिक्षकांनी या एका प्रसंगावर जवळजवळ सगळी सकाळ खर्च केली. ज्याला बाहेर काढले त्या मुलाच्या हातून चेंडू घेताना त्याच्याकडे पाहायचे आणि निर्णयाचे कारण नंतर त्याला एकट्याला सांगायचे, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे चुकलेल्या मुलाला सर्वांसमोर झापण्याची पद्धत अजून किती रूढ आहे हे लक्षात घेता, हा भाग प्रत्येक क्रीडाशिक्षकाने पाहावा असे मनापासून वाटते.

अपयशाकडे पाहण्याची दृष्टीही येथे आकड्यांतून मिळते. दहापैकी तीन वेळा यशस्वी फटका मारणारा फलंदाज या खेळात चांगला गणला जातो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सचे मॅनेजर कॉनी मॅक १९०१ ते १९५० असे तब्बल ५० हंगाम त्या संघावर राहिले. त्यांनी ५ वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बेसबॉलची अंतिम विजेतेपदाची मालिका, जिंकली, तरी त्यांच्या कारकिर्दीत विजयांपेक्षा पराभव अधिक आहेत.

दुपारचे सत्र मात्र निराश करणारे होते. बंद खोलीत पडद्यावर नेतृत्वाची सूत्रे दाखवली गेली आणि सकाळी मैदानावर जे जिवंत होते त्याचा कंपनीच्या बैठकांशी ओढूनताणून संबंध जोडला गेला. गुणलेखनाचा तक्ता, जो मॅनेजरच्या हातातील सर्वांत उपयोगी साधन, तो घाईघाईत उरकला. शुल्कात दुपारचे जेवण धरलेले आहे. ते साधे व चांगले होते.

क्रीडाशिक्षकांनी हे शुल्क भरावे, असे मी निःसंकोच सुचवेन. ज्यांना केवळ कार्यालयासाठी काही हवे आहे, त्यांनी आयोजकांकडे फक्त सकाळच्या सत्राची सोय आहे का, हे आधी विचारावे. मार्चनंतरच्या नागपुरी उन्हात मैदानावर उभे राहणे मुलांना सोसणारे नाही, त्यामुळे आयोजकांनी पुढील तुकड्या डिसेंबर आणि जानेवारीतच घ्याव्यात व दुपारचा वेळ गुणलेखनाला द्यावा.