टेली-मानस १४४१६ ला रात्री दोन वाजता फोन केला, त्याबद्दल

बाबा गेल्यावर तीनेक महिने मला झोपच लागत नव्हती, दिवसा ऑफिस, डबा, मुलांचा अभ्यास सगळं नीट चालू पण रात्री छातीवर कोणीतरी बसल्यासारखं व्हायचं, आणि घरात सांगणार कोणाला, आई आधीच खचलेली. शेवटी एकदा रात्री दोनला गच्चीत जाऊन १४४१६ लावला. केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, २४ तास चालू, एक पैसा लागत नाही, भाषा निवडता येते. मी मराठी घेतली.

पलीकडच्या ताईंनी उपदेश अजिबात केला नाही. 'खंबीर राहा' हे मी तेराव्यापर्यंत शंभर वेळा ऐकलं होतं हो. त्यांनी विचारलं, आत्ता नेमकं काय वाटतंय? मी म्हटलं टेन्शन. त्या म्हणाल्या, टेन्शन म्हणजे भीती, राग, की अपराधी वाटतंय? आणि मी रडायलाच लागले, कारण शेवटच्या दिवशी मीटिंगमुळे बाबांचा फोन मी कट केला होता. भावनेला नेमका शब्द दिला की मेंदूतला अमिग्डला, म्हणजे भीती-धोक्याला प्रतिसाद देणारा भाग, शांत होतो हे मानसशास्त्रज्ञ लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलंय, ते मी नंतर वाचलं, पण अनुभव त्या रात्रीच आला.

एका कॉलने दुःख गेलं नाही. पण आता बाबांचा स्वेटर कपाटातून काढून हातात घेता येतो. पाच स्टार. नंबर आजच सेव्ह करा, घरातल्या मोठ्यांच्या फोनमध्येपण.