दहावीनंतर फिटर: साधा आयटीआय, डीएसटी, की थेट कंपनीत शिकाऊ?

दहावीचा निकाल लागला की आयटीआयच्या फाटकावर ‘अमुक कंपनीशी सामंजस्य करार’ असे फलक दिसतात. फलक खोटे नसतात, पण त्यांवरून काहीच ठरवता येत नाही. करारामुळे मूल नक्की कोणत्या मशीनसमोर, किती आठवडे उभं राहणार आणि शेवटी कोणतं प्रमाणपत्र हातात पडणार, एवढंच पाहायचं. इथे फिटर हा ट्रेड धरून तीन वाटा शेजारी ठेवल्या आहेत. टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन यांना बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

पहिली वाट नेहमीची: दोन वर्षं आयटीआय, मग एक वर्ष कंपनीत शिकाऊ उमेदवारी, म्हणजे ॲप्रेंटिसशिप. दुसरी डीएसटी, म्हणजे ड्युअल सिस्टिम ऑफ ट्रेनिंग. केंद्राने ती 2016 पासून सुरू केली. प्रवेश आयटीआयतच, परीक्षाही तीच, पण दोन वर्षांपैकी 6 ते 12 महिने कंपनीत जातात. तिसरी वाट 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आयटीआय न करता थेट कंपनीत शिरण्याची. तिथे आधी काही महिने मूलभूत प्रशिक्षण आणि मग शॉप फ्लोअर, असं फिटरला साधारण दोन वर्षांत उरकतं.

तिसऱ्या वाटेचा निकाल आधी लावून टाकू, कारण ती बहुतेकांसाठी बंदच असते. कायद्याने शिकाऊ उमेदवाराचं किमान वय 14 असलं, तरी धोकादायक उद्योगांत 18 पूर्ण लागतात, आणि बऱ्याच कंपन्या सरसकट 18 चीच अट लावतात. दहावी झालेलं मूल पंधरा-सोळाचं असतं. म्हणजे मधली दोन वर्षं घरी बसून काढायची, नाहीतर ‘ट्रेनी’ या गोंडस नावाखाली कुठेतरी हेल्परचं काम करायचं. वय बसत असेल आणि घरात लगेच पैसे यायला हवे असतील, तर मात्र हिशेब करून पाहावा. 2019 च्या नियमांप्रमाणे दहावी पास शिकाऊ उमेदवाराला किमान विद्यावेतन महिना 6,000 रुपये, दुसऱ्या वर्षी 10 टक्के वाढ. दोन वर्षांचे 1,51,200 होतात. मूलभूत प्रशिक्षणाच्या महिन्यांत विद्यावेतन कसं मिळणार, हे आधी विचारून घ्या, नाहीतर हिशेब तिथेच चुकतो. आयटीआय करून गेलेल्याला किमान 7,000, म्हणजे तिसऱ्या वर्षात 84,000. रोख रकमेत थेट वाट पुढे दिसते. पण दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. थेट कंपनीत गेलेल्याला हे दार उघडं नसतं, आणि चार-पाच वर्षांनी तेच जास्त खुपतं.

खरी निवड साधा आयटीआय की डीएसटी, ही आहे.

साध्या आयटीआयचं बळ पहिल्या वर्षात आहे. फिटरच्या मुलाला सुरुवातीचे आठवडे कानस मारायलाच लावतात. एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा तुकडा, एक पृष्ठभाग सपाट, मग त्याला काटकोनात दुसरा, ट्राय स्क्वेअर म्हणजे गुण्या लावून फटीतून उजेड दिसतो का ते बघायचं. मुलं कंटाळतात आणि घरी येऊन ‘काहीच शिकवत नाहीत’ म्हणतात. पण हात इथेच बसतो. पुढे एम10 चा टॅप मारायचा, म्हणजे भोकात 10 मिमीच्या बोल्टचे आटे पाडायचे असतात, त्यासाठी 8.5 मिमीचं भोक लागतं. ज्याने ते मापून पाडलेलं नाही, तो 8 मिमीच्या भोकात टॅप घालून जोर लावतो. टॅप मोडून आत अडकतो आणि जॉब बाद होतो. व्हर्निअरवर 0.02 मिमी आणि मायक्रोमीटरवर 0.01 मिमी वाचण्याची सवयही याच काळात लागते. कंपनीत हे शिकवायला कोणाला वेळ नसतो, कारण तिथल्या सुपरवायझरचा दिवस नगांच्या आकड्यावर मोजला जातो.

साध्या आयटीआयची कमजोरीही उघड आहे. यंत्रं जुनी, कच्चा माल कमी, आणि निदेशकांची पदं रिकामी असली की एकाच निदेशकाच्या अंगावर दोन तुकड्या. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी मशीन असलीच, तर कधीकधी नुसती दाखवायला. मग शिकाऊ उमेदवारीचं तिसरं वर्ष ऐच्छिक उरत नाही, ते धरूनच चालावं. शिवाय त्या वर्षाअखेर परीक्षा देऊन मिळणारं राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र सरकारी भरतीत वजन राखून असतं. रेल्वेच्या लेव्हल-1, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या पदांत रेल्वेतच शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी 20 टक्के जागा राखीव आहेत. मात्र शिकाऊ उमेदवारी संपली की कंपनीने नोकरी द्यायलाच हवी, असं कायदा म्हणत नाही. ‘वर्षभराने कायम करतात’ हे फाटकावरचं बोलणं.

डीएसटी चांगली जमली, तर या तिसऱ्या वर्षातला बराच अनुभव दोन वर्षांतच पदरात पडतो. जमत नाही तेव्हा बहुतेकदा कारण एकच असतं: कंपनीला शिकणारा नको असतो, जोडीचा हात हवा असतो. मुलाला व्हीएमसी या सीएनसी मशीनवर उभं करतात. तो सहा महिने जॉब लावतो, बटण दाबतो, जॉब काढतो. टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाची दुरुस्ती कोणी द्यायची, इन्सर्ट, म्हणजे कापणारी पात कधी बदलायची, पहिला नग तपासून प्रोग्रॅम कुठे थांबवायचा, यातलं काही त्याच्या हाती येत नाही. मग परीक्षेला आयटीआयत परत आल्यावर प्रात्यक्षिकात हाताने बसवायचा फिटिंग जॉब समोर येतो, आणि सहा महिने कानस न धरलेला हात थरथरतो. संगणकावरच्या लेखी परीक्षेतही तेच होतं, कारण थिअरीचे तास कंपनीच्या पाळ्यांत बुडालेले असतात. परीक्षेला 80 टक्के हजेरी लागते, ती कंपनीच्या मस्टरवरून आयटीआयत वेळेवर पोचली नाही तर शेवटच्या महिन्यात धावपळ होते.

डीएसटीत विद्यावेतन कायद्याने बांधलेलं नाही, करारात लिहिलं असेल तेवढंच. कॅन्टीन, बस, सेफ्टी शूज आणि विमा यांचंही तसंच. शिकाऊ उमेदवाराला कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर येते. डीएसटीचं मूल मात्र कागदावर आयटीआयचंच प्रशिक्षणार्थी असतं. म्हणून विमा कोण काढतो, हे प्रवेशाआधी विचारा. आणि 17 वर्षांच्या मुलाला कंपनी आत घेईल का, हेही.

तर डीएसटी घ्यावी कधी? कंपनीतला काळ पहिल्या वर्षाचं मूलभूत काम झाल्यावर सुरू होत असेल, निदान दोन-तीन विभागांत फिरवत असतील, आणि परीक्षेआधी दोन महिने तरी मूल आयटीआयत परत येणार असेल, तेव्हा. मागच्या तुकडीची लॉगबुक दाखवा म्हणावं. तारखेगणिक काम वेगळं लिहिलेलं असेल तर ठीक. पानभर ‘मशीन ऑपरेशन’, ‘मशीन ऑपरेशन’ एवढंच असेल तर साधा आयटीआय बरा. कराराची मुदत मुलाची दोन्ही वर्षं झाकते का, हेही तपासा. करार मध्येच संपला तर तुकडी अधांतरी राहते.

कंपनी केवढी, याला लोक फार महत्त्व देतात. चाकणच्या मोठ्या असेंब्ली प्लांटमध्ये शिस्त, सुरक्षितता आणि नाव मिळतं, पण काम एका स्टेशनपुरतं राहतं. भोसरीतल्या वीस माणसांच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये, घामाघूम व्हाल, पण सरफेस ग्राइंडरपासून डाय फिटिंगपर्यंत सगळं हाताखालून जाईल. फिटरसाठी आमचं मत टूलरूमच्या बाजूने आहे. फक्त करारात लिहिलेले विभाग तिथे खरोखर चालू असले पाहिजेत.

आणखी एक फलक दिसतो, आयएमसीचा, म्हणजे आयटीआयच्या व्यवस्थापन समितीचा. 2007-08 पासूनच्या सरकार आणि उद्योग यांच्या भागीदारी योजनेत निवडलेल्या सरकारी आयटीआयना प्रत्येकी 2.5 कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळालं आणि उद्योगातला माणूस या समितीचा अध्यक्ष झाला. या समितीला 20 टक्क्यांपर्यंत जागा आपल्या अखत्यारीत भरता येतात, त्यांची फी जास्त असू शकते. जागा त्या कोट्यातली आहे का, हे पावती फाडण्याआधी विचारा. कर्जाच्या पैशांतून घेतलेली यंत्रं चालू आहेत का, हे वर्कशॉपमध्ये कामाच्या दिवशी सकाळी दहाला जाऊन पाहिलं की कळतं. स्पिंडलभोवती ताजा धातूचा कीस आणि कूलंटचा वास असेल तर मशीन वापरात आहे.

शिकाऊ उमेदवारीचा करार केंद्राच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो, अल्पवयीन असेल तर पालकाची सही लागते. करार क्रमांक नसेल तर ती शिकाऊ उमेदवारी नव्हे, प्रमाणपत्रही मिळणार नाही. ‘जागा पक्की’ करायला डिपॉझिट मागणाऱ्या एजंटाला तर दारातूनच परत पाठवा. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधारवर आणि पोर्टलवर अक्षरशः सारखी ठेवा, बँक खातं आधारशी जोडलेलं ठेवा. विद्यावेतनातला सरकारी हिस्सा, कमाल 1,500 रुपये, त्याच खात्यात येतो, आणि प्रमाणपत्रावरचं चुकलेलं नाव दुरुस्त करायला महिनोन् महिने जातात.