बर्फीच्या गोळ्या आणि चोवीस पौंडांचा कागद: वर्षभर ऑनलाइन औषधं घेतल्यानंतरचा अनुभव

आमच्या कुत्रीच्या औषधाचं लेखी प्रिस्क्रिप्शन मागायला मला चार महिने लागले. द्यायला दवाखान्याने नकार दिला नव्हता, मीच मागितलं नव्हतं.

बर्फी आमची कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिएल. वय नऊ, वजन बरोबर दहा किलो, अंगावर तांबूस-पांढरे पट्टे आणि डोळ्यांत कायम 'मला आज कुणी जेवायला दिलेलं नाही' असा भाव. ज्यांच्याकडे ही जात आहे त्यांना पुढचं सांगायला नको: या कुत्र्यांच्या हृदयाची झडप उतारवयात हमखास दगा देते. ऑगस्ट २०२४ मध्ये लसीकरणाला नेलं तेव्हा व्हेटने स्टेथोस्कोप जरा जास्तच वेळ छातीवर ठेवला. मग स्कॅन झाला. हृदय मोठं झालंय, पण त्रास अजून सुरू झालेला नाही, अशा टप्प्यावर ती होती. याच टप्प्यावर पिमोबेन्डान हे औषध सुरू केलं तर हार्ट फेल्युअर सरासरी पंधरा महिने लांबतं, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'एपिक' नावाच्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं. व्हेटने ते समजावून सांगितलं, मी मान डोलावली, आणि अडीच मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू झाली. जन्मभरासाठी.

दवाखान्यात पन्नास गोळ्यांचं पाकीट बासष्ट पौंडांना होतं. महिन्याला साठ गोळ्या लागतात. चार महिन्यांत पाच पाकिटं, म्हणजे तीनशे दहा पौंड. विमा आहे, पण त्यात सुरुवातीची ठरावीक रक्कम आपण भरायची असते आणि वर्षाची मर्यादाही असते. ती मर्यादा गोळ्यांवरच संपली तर पुढच्या स्कॅनला काय करायचं, हा प्रश्न मला रात्री पडायचा.

इथे इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला, ओळखीतल्या एका बाईंनी सांगितलं, "अगं, लेखी प्रिस्क्रिप्शन माग आणि ऑनलाइन घे, निम्म्यात मिळतं." मला ते माहीत नव्हतं असं नाही. दवाखान्याच्या भिंतीवर तशी पाटीच आहे, अक्षर बारीक असलं तरी आहे. पण काउंटरपलीकडची मुलगी बर्फीला नावाने हाक मारते, तिच्यासाठी खाऊ काढून ठेवते. तिच्यासमोर "तुमच्याकडून नको, दुसरीकडून घेते" कसं म्हणायचं? वाण्याकडे उधारी असताना समोरच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं. आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. माझ्या भिडेची किंमत चार महिन्यांत दीडशे पौंडांच्या आसपास गेली.

शेवटी डिसेंबरात विचारलं. ती मुलगी पापणीही न हलवता म्हणाली, "चालेल, चोवीस पौंड होतील, दोन दिवसांत ईमेल करतो." एवढंच! मी घरून वाक्यं पाठ करून गेले होते.

पण पहिल्या खेपेला चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला. कागदावर औषधाचं ब्रँडनाव लिहिलेलं, साठ गोळ्या, पुढे 'रिपीट नाही', म्हणजे त्याच कागदावर पुन्हा औषध मिळणार नाही. ऑनलाइन फार्मसी पाकीट फोडत नव्हती, त्यामुळे पन्नासच मिळाल्या. गोळ्या एकोणतीस पौंड, टपाल चार, कागद चोवीस: एकूण सत्तावन्न. दवाखान्यात बासष्ट. एवढा आटापिटा करून पाच पौंड वाचले, आणि कागद तिथेच संपला.

यातून जे शिकले तेच खरं तर या अनुभवाचं सार आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते. स्वस्त फार्मसी कुठली हे शोधण्यात मी दोन संध्याकाळी घालवल्या. पण खरे पैसे वाचतात ते कागदावर काय लिहिलंय त्यावर. कागदावर ब्रँडचं नाव असेल तर फार्मसीला तोच ब्रँड द्यावा लागतो. तेच रसायन दुसऱ्या कंपनीचं स्वस्तात असलं तरी ती बदलून देऊ शकत नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला मी व्हेटलाच विचारलं, "ब्रँडऐवजी पिमोबेन्डान असं लिहाल का? बर्फीला चालणार असेल तर." तिला काहीच हरकत नव्हती. शिवाय साध्या औषधांचा कागद इथे सहा महिने चालतो (नियंत्रित औषधांना, उदाहरणार्थ फिट्सवरच्या फेनोबार्बिटोनला, फक्त अठ्ठावीस दिवस), तेव्हा प्रकृती स्थिर असेल तर सहा महिन्यांचं एकदमच लिहून घ्यावं. मी पाकिटाच्या हिशेबाने मागितलं: दोनशे गोळ्या, एक रिपीट. म्हणजे चारशे.

दुसऱ्या कंपनीच्या शंभर गोळ्या एकोणचाळीस पौंडांना मिळाल्या. चार पाकिटं एकशे छप्पन्न, वर कागदाचे चोवीस, टपाल फुकट. एकशे ऐंशी पौंडांत सहा महिने निघाले आणि वर थोड्या उरल्या. तेवढ्याच गोळ्या दवाखान्यातून घेतल्या असत्या तर चारशे शहाण्णव. हा आकडा मी नवऱ्याला स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवला. त्याने फक्त विचारलं, "मग पहिले चार महिने?" त्यावर मी कुकरची शिट्टी ऐकल्याचं सोंग केलं.

आता तक्रारी. पहिली, स्वस्त गोळी बर्फीला आवडली नाही. ब्रँडची गोळी तिला खाऊ वाटायची, हातातून ओढून घ्यायची. ही नवी साधी, खडूसारखी. तिने घेतली, मी "शहाणी गं माझी बाय" म्हटलं, आणि आठवड्याने व्हॅक्यूम करताना रेडिएटरमागे तीन गोळ्या सापडल्या. ओल्या होऊन वाळलेल्या, शिस्तीत एका कोपऱ्यात. हृदयाच्या औषधाचे तीन डोस! घाबरून फोन केला. व्हेट म्हणाली की चुकलेले डोस भरून काढायला दुप्पट देऊ नका, पुढचा वेळेवर द्या. हे औषध जेवणाआधी तासभर द्यायचं असतं, त्यामुळे भरपूर खाण्यात लपवणंही बरोबर नाही. वाटाण्याएवढा पोळीचा तुकडा चालेल म्हणाली. तेव्हापासून रोज सकाळी तव्यावरच्या पहिल्या पोळीची कड बर्फीची. पुढच्या रिपीटला मी तिसऱ्याच कंपनीची चघळायची गोळी मागवली, शंभरामागे दोन पौंड जास्त, म्हणजे वरच्या हिशेबात चार पौंडांची भर. कागदावर ब्रँड नव्हता म्हणूनच हा बदल नवा कागद न घेता करता आला.

दुसरी तक्रार माझ्याच हलगर्जीपणाची. ते अगदी पहिलं पन्नासचं पाकीट पोस्टमनने दारातल्या फटीतून आत टाकलं. आम्ही बाहेर होतो. परत आलो तर पायपुसण्यावर खोक्याच्या चिंध्या आणि मध्ये बर्फी. मांसाच्या वासाच्या गोळ्या कुत्र्यासमोर टपकवल्या तर दुसरं काय होणार? मी जमिनीवर बसून पन्नास गोळ्या तीनदा मोजल्या. सगळ्या शाबूत होत्या, एका पट्टीवर फक्त दाताची खूण. तेव्हापासून पार्सल शेजाऱ्यांकडे द्यायला सांगते.

तिसरी, वेळेची. ईस्टरच्या जोडसुट्टीत पार्सल अडकलं. मंगळवारपर्यंतचा खंड भरून काढायला दवाखान्यातून दहा गोळ्या पूर्ण भावाने घ्याव्या लागल्या. आता पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की मी ऑर्डर टाकते.

पुण्याला ताईला हे सगळं सांगितलं तर ती हसतच सुटली. तिच्या पॉमेरियनलाही हृदयाचाच त्रास. डॉक्टर चिठ्ठी देतात, ती कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे जाते आणि माणसांचीच लॅसिक्सची (म्हणजे फ्युरोसेमाइडची, अंगातलं जास्तीचं पाणी काढणाऱ्या औषधाची) पट्टी वीस रुपयांच्या आत घेऊन येते. चिठ्ठीचे वेगळे पैसे? तिला प्रश्नच कळला नाही. (पिमोबेन्डान मात्र तिलाही महागच पडतं.) "पुढच्या वेळी येशील तेव्हा दहा पट्ट्या घेऊन जा," म्हणाली. तसं करता येत नाही, हे तिला पटवायला अर्धा तास गेला. इथे प्राण्यासाठी मंजूर झालेलं औषध बाजारात असेल तर व्हेटने तेच लिहायचं. माणसांचं स्वस्त आहे एवढ्या कारणावरून ते देता येत नाही. बाहेरून औषध आणून स्वतःच्या मनाने देणं तर बेकायदाच. त्यात प्राण्यांच्या औषधावर वीस टक्के व्हॅट. म्हणजे एकच फ्युरोसेमाइड, एकीकडे भाजीच्या सुट्ट्या पैशांत आणि दुसरीकडे फीवर फी.

त्या फीबद्दल थोडं. काही लोक म्हणतात, कागदाचे पैसे ही लूट आहे. मला तसं सरसकट म्हणवत नाही. व्हेटने लिहायचं, नोंद ठेवायची, जबाबदारी घ्यायची, त्याचं काहीतरी द्यायला हवंच. पण दवाखान्यागणिक हा आकडा वाटेल तसा बदलतो, हे खटकतं. गंमत म्हणजे इथे एकेकाळी हा कागद फुकट होता: स्पर्धा आयोगाच्या २००३ च्या अहवालानंतर ऑक्टोबर २००५ पासून तीन वर्षं व्हेटना त्याचे पैसे घ्यायला मनाई होती. मुदत संपली आणि फी परत आली. नंतर सीएमए म्हणजे स्पर्धा आणि बाजार प्राधिकरण पुन्हा मागे लागलं. २०२३ च्या सप्टेंबरात त्यांनी आढावा सुरू केला, तेव्हा छप्पन्न हजार लोकांनी आपापली गाऱ्हाणी कळवली. २०१३ मध्ये मोठ्या साखळी कंपन्यांच्या ताब्यात दहा टक्क्यांच्या आसपास दवाखाने होते, ते आता साठ टक्क्यांच्या घरात, हे त्यांचेच आकडे. ऑक्टोबर २०२५ च्या तात्पुरत्या निर्णयात त्यांनी कागदाच्या फीला सोळा पौंडांची कमाल मर्यादा सुचवली.

आमच्या व्हेटला मी एकदा धीर करून विचारलं, तुमच्याकडे इतकं महाग का? ती चिडली नाही. म्हणाली, काही गोळ्या आम्हाला घाऊक भावात ज्या किमतीला पडतात त्याहून स्वस्त तुम्हाला ऑनलाइन मिळतात. औषधांवरच्या नफ्यातून तपासणीची फी आटोक्यात ठेवली जाते, हेही तिने सांगितलं. मला ते अर्धंच पटलं, कारण काही मोठ्या साखळ्यांची स्वतःची ऑनलाइन दुकानंही आहेत. म्हणजे खिसा कुठलाही असो, पँट एकच.

पण ऑक्टोबरच्या एका रात्रीने मला दुसरी बाजूही दाखवली. बर्फी झोपलेली असताना तिचे श्वास मोजायची सवय व्हेटने लावली होती: मिनिटाला तीसच्या आत हवेत. त्या रात्री अठ्ठेचाळीस आले. पुन्हा मोजले, पन्नास. रात्री एक वाजता चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्यात तिला ऑक्सिजनवर ठेवलं, फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन दिलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. त्या बिलाचा आकडा लिहीत नाही, बराचसा विम्याने उचलला. त्या वेळी ऑनलाइन फार्मसीचा काय उपयोग? पुढचे पंधरा दिवस डोस वर-खाली होत होता, तेव्हा मी मुकाट्याने दवाखान्यातूनच मोजक्या गोळ्या घेतल्या. डोस बदलत असताना शंभरचं पाकीट मागवणं म्हणजे पैसे पाण्यात. तसंच कानाचं इन्फेक्शन, डोळ्यांचे थेंब, पाच दिवसांचं अँटिबायोटिक: यांच्यासाठी मी प्रिस्क्रिप्शन मागतच नाही. फी आणि टपाल धरून काही उरत नाही, आणि औषध आजच हवं असतं.

डोस स्थिरावल्यावर दोन्ही औषधं एकाच कागदावर मागितली. काउंटरवर आधी 'प्रत्येक औषधाचे चोवीस' असं सांगितलं. मी विचारलं, दोन्ही एकाच वेळी लिहायची आहेत तर काही कमी होईल का? ती मुलगी आत विचारून आली, दुसऱ्याचे आठ लावले. वर्षापूर्वीची मी तिथे अठ्ठेचाळीस मोजून आले असते. चाळीस मिलिग्रॅमची फ्युरोसेमाइड दवाखान्यात पंचेचाळीस पेन्सना एक, वर डिस्पेन्सिंग फी, म्हणजे औषध काढून देण्याचे पैसे. ऑनलाइन नऊ पेन्स. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. आता मात्र व्हेट तीन महिन्यांपुरतंच लिहून देते, कारण मधे रक्त तपासावं लागतं. ते योग्यच आहे, आणि त्या तपासणीत काटकसर करायची माझी हिंमतही नाही.

नव्याने सुरू करणाऱ्यांना एवढंच सांगते की फार्मसी निवडताना व्हीएमडी या, प्राण्यांच्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या ऑनलाइन विक्रेत्यांच्या यादीत तिचं नाव आहे का ते बघा. जो विक्रेता प्रिस्क्रिप्शनचं औषध कागद न मागता द्यायला तयार होतो, तिथून पळा. विम्यासाठी पावती आणि कागदाची प्रत दोन्ही जपून ठेवा. माझा एक क्लेम प्रत नव्हती म्हणून सहा आठवडे लोंबकळला.

ख्रिसमसच्या सुट्टीचा अंदाज घेऊन परवाच ऑर्डर टाकली, पार्सल शेजारच्या आजींकडे पोचलंय. काउंटरवरची ती मुलगी अजूनही खाऊ काढून ठेवते. काल रात्री बर्फीचे श्वास मोजले. बावीस.